हवेतला फटकासुद्धा मोजायचा: गोल्फ शिकतानाचे माझे पहिले आठ महिने

(या भागाचं हे लेखी रूप आहे. बोलताना झालेल्या 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' आणि खोकला काढून टाकलाय, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.)

मागच्या भागात मी बोलता बोलता म्हणालो होतो, की हल्ली शनिवारी सकाळी मी गोल्फ शिकायला जातो. त्यावर जे मेसेज आले ते साधारण दोन प्रकारचे होते. पहिला, 'पॅकेज किती वाढलं रे?' आणि दुसरा, 'त्यात शिकायचं काय असतं, चेंडू तर हलतसुद्धा नाही.'

पहिल्याचं उत्तर, नाही वाढलं. दुसऱ्याचं उत्तर द्यायला मात्र हा अख्खा भाग लागणार आहे. कारण आठ महिन्यांपूर्वी मलाही अगदी तसंच वाटत होतं.

सुरुवात कुठून झाली

७ ऑगस्ट २०२१. तारीख तुमच्याही लक्षात असेल, त्या संध्याकाळी नीरज चोप्रानं टोकियोत भालाफेकीचं सुवर्ण जिंकलं. पण त्याच दिवशी सकाळी भारतातली बरीच माणसं उठून आणखी एक गोष्ट बघत होती. अदिती अशोक महिलांच्या गोल्फमध्ये पदकाच्या शर्यतीत होती. आमच्या घरी मी, आई आणि बाबा टीव्हीसमोर चहा घेऊन बसलो होतो आणि तिघांपैकी एकालाही 'बर्डी' म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी मोबाइलवर शोधून सांगत होतो. ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी लागला की बर्डी, एक जास्त लागला की बोगी. आणि ठरलेला आकडा म्हणजे पार.

अदिती चौथी आली. चार दिवस, ७२ होल, आणि कांस्यपदक हुकलं एका फटक्यानं. आई म्हणाली, "एवढ्या सगळ्यात एकच?" ते 'एकच' माझ्या डोक्यात कुठेतरी राहिलं असावं.

प्रत्यक्ष क्लब हातात घ्यायला मात्र बरीच वर्षं लागली. ऑफिसातल्या एका मित्राचे वडील निवृत्त फौजी अधिकारी. आम्ही सगळे त्यांना कर्नलसाहेब म्हणतो. ते नियमित खेळतात. एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलो असताना मी म्हणालो, "काका, हा म्हाताऱ्यांचा खेळ ना?" ते हसले आणि म्हणाले, "ये शनिवारी. बघू तुझं तारुण्य."

पहिली बकेट

ड्रायव्हिंग रेंज म्हणजे काय ते आधी सांगतो. एक लांबलचक मोकळं मैदान, एका टोकाला ओळीनं हिरव्या चटया, प्रत्येक चटईवर एक माणूस. पैसे भरले की बादलीभर चेंडू मिळतात. ते समोरच्या मैदानात मारत राहायचे, गोळा करायला रेंजची माणसं असतात. नेटप्रॅक्टिस म्हणा ना.

मी लहानपणापासून गल्ली क्रिकेट खेळलोय. इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलच्या टीममध्ये ओपनिंगला जायचो. तेव्हा माझा हिशोब सरळ होता. ताशी १०० किलोमीटरनं येणारा चेंडू मारता येतो, तर हा बिचारा जागच्या जागी पडलाय.

पहिला फटका हवेत गेला. हवेत म्हणजे चेंडू नाही, क्लब. चेंडू होता तिथेच होता.

दुसराही तसाच. तिसऱ्याला क्लब चेंडूच्या बऱ्याच आधी चटईत घुसला आणि मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. चौथा लागला, पण चेंडूच्या डोक्यावर. तो गोगलगायीसारखा वीसेक पावलं गेला. शेजारच्या चटईवर दहा-अकरा वर्षांची एक मुलगी होती. तिचा चेंडू दरवेळी सुंदर कमान काढत जायचा. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. मुलं दयाळू असतात.

पन्नास चेंडूंत धड हवेत गेले असतील सहा. घरी आलो तर हाताला दोन फोड. पण त्या सहांपैकी एक चेंडू, बहुतेक अडतिसावा किंवा एकोणचाळिसावा, असा लागला की हाताला काही जाणवलंच नाही. फक्त 'टक्' असा बारीक आवाज आला. मान वर केली तर चेंडू आकाशात होता. मीच मारला होता तो! पुढचे अकरा चेंडू मी तो आवाज परत यावा म्हणून मारले. आला नाही. पुढच्या शनिवारी म्हणून पुन्हा गेलो.

गोल्फचं व्यसन लागतं म्हणतात ना, त्याची यंत्रणा एवढीच आहे. पन्नासात एक, आणि तो कधी येईल ते सांगता येत नाही.

वर न्यायचं तर खाली मारायचं

आता जरा तांत्रिक बोलू. गोल्फमध्ये नवशिक्याची पंचाईत ही, की शरीराला जे आपोआप सुचतं ते बहुतेक वेळा उलटं असतं.

चेंडू जमिनीवर आहे आणि तो हवेत न्यायचाय. मग मन काय सांगतं? त्याच्या खाली शिर आणि वर उचल. भाताखाली कालथा घालतो तसं. मी तेच करत होतो. त्यासाठी वजन मागच्या पायावर टाकत होतो, कारण क्रिकेटमध्ये उंच मारायचं तर थोडं मागे झुकायची सवय असते.

इथे ते चालत नाही. क्लबचा तोंडवळा आधीच मागे कललेला असतो. याला लॉफ्ट म्हणतात. सेव्हन आयर्न नावाचा जो क्लब नवशिक्याच्या हातात सगळ्यात आधी देतात, त्याचा लॉफ्ट साधारण ३० ते ३४ अंश असतो. म्हणजे उचलण्याचं काम क्लब बनवणाऱ्यानं करून ठेवलंय. तुम्ही पुन्हा उचलायला गेलात की एकच काम दोघं करतात आणि ते बिघडतं. आयर्ननं मारताना क्लब खाली येत असतानाच आधी चेंडूला लागला पाहिजे आणि नंतर जमिनीला. कमानीचा सगळ्यात खालचा बिंदू चेंडूच्या थोडा पुढे हवा. म्हणून चांगल्या खेळाडूनं मारल्यावर गवताचा जो तुकडा उडतो, तो चेंडू जिथे होता त्याच्या पुढचा असतो.

मला हे पटायला विटी-दांडू आठवावा लागला. विटीच्या टोकावर आपण दांडू वरून खाली मारतो आणि विटी वर उडते. दोन्हींमागचं विज्ञान वेगळं आहे, हे मान्य. पण 'वर उडवायचं म्हणून खाली मार' हे शरीरानं एकदा केलेलं होतं, एवढं मला पुरलं.

कमानीचा खालचा बिंदू चुकला की काय होतं, तेही सांगतो, म्हणजे रेंजवर लोक काय बोलतात ते कळेल. क्लब आधी जमिनीत गेला तर 'फॅट'. चेंडूच्या मधल्या भागावर धार लागली तर 'थिन', चेंडू सपाट सुसाट जातो. डोक्यावर लागला तर 'टॉप', म्हणजे माझी गोगलगाय. आणि क्लबचं पातं जिथे दांडीला जोडलेलं असतं तिथे लागला, तर चेंडू काटकोनात उजवीकडे पळतो. त्याचं नाव 'शँक'. हे नाव रेंजवर मोठ्यानं घेऊ नका, लोकांना ते अपशकुनी वाटतं.

स्लाइस, म्हणजे माझा तीन महिन्यांचा बग

दुसऱ्या महिन्यात चेंडू हवेत जायला लागला. मी खूश. मग लक्षात आलं की तो सरळ जात नाहीये. सुरुवातीला सरळ, मग केळ्यासारखा उजवीकडे वळून शेजारच्या तिसऱ्या माणसाच्या हद्दीत. याला स्लाइस म्हणतात आणि उजव्या हातानं खेळणाऱ्या नवशिक्यांचा हा सार्वत्रिक आजार आहे.

मी इंजिनिअर. मी काय केलं? चेंडू उजवीकडे जातोय ना, मग डावीकडे मारू. गेला आणखी उजवीकडे. आणखी डावीकडे मारलं. अजून जास्त वळला! तीन आठवडे मी हेच करत होतो. प्रॉडक्शनमध्ये एरर आली की टाइमआउट वाढवायचा, परत आली की आणखी वाढवायचा, तसलाच प्रकार.

कारण समजून घ्या, हे खरंच मजेशीर आहे. क्लब आणि चेंडू एकमेकांना चिकटलेले असतात ते जेमतेम अर्धा मिलिसेकंद. सेकंदाचे दोन हजार भाग करा, त्यातला एक. त्या वेळात दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, क्लबचं तोंड कुठे बघतंय. दोन, क्लब कुठल्या दिशेनं प्रवास करतोय. चेंडू सुटताना मुख्यतः तोंडाच्या दिशेनं सुटतो. आणि पुढे वळतो किती, ते तोंड आणि प्रवास या दोन दिशांमध्ये फरक किती यावर ठरतं. तोंड प्रवासाच्या उजवीकडे उघडं असेल तर चेंडूला तिरकी फिरकी मिळते आणि तो उजवीकडे वळतो.

आता माझा उपाय बघा. मी क्लबचा प्रवास डावीकडे नेत होतो, पण तोंड होतं तिथेच. म्हणजे दोघांतला फरक मीच वाढवत होतो. बग मी दुरुस्त करत नव्हतो, खतपाणी घालत होतो.

गंमत म्हणजे याबाबतीत शिकवणारेसुद्धा वर्षानुवर्षं उलटं शिकवत होते. चेंडू क्लबच्या प्रवासाच्या दिशेनं सुटतो आणि तोंडाच्या दिशेला वळतो, असंच पुस्तकांत असायचं. या शतकाच्या सुरुवातीला रडारवर चालणारी मापनयंत्रं आली, चेंडूचा प्रवास प्रत्यक्ष मोजला गेला, आणि सुरुवातीची दिशा मुख्यतः तोंड ठरवतं हे सगळ्यांना मान्य करावं लागलं. इतकी वर्षं उत्तम खेळाडू उत्तम खेळत होते, पण आपण काय करतो याचं त्यांचं वर्णन चुकीचं होतं. मला यातून भलताच धीर आला.

माझ्यासाठी दुरुस्ती अगदी छोटी निघाली. मी क्लब गच्च आवळून धरत होतो, त्यामुळे मनगटं वळतच नव्हती आणि तोंड उघडं राहत होतं. सरांनी डावा हात थोडा उजवीकडे फिरवून पकड बदलली आणि म्हणाले, "चिमणीचं पिल्लू धरल्यासारखं धर." दोन शनिवार सगळं आणखी बिघडलं. तिसऱ्या शनिवारी चेंडू सरळ गेला. इतका सरळ की मी घाबरलो.

चेंडूवर खड्डे का असतात

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लोकांनी विचारला, म्हणून दोन मिनिटं देतो.

गोल्फच्या चेंडूचं वजन नियमानं जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम आणि व्यास कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर. त्यावर साधारण तीनशे ते चारशे खळगे असतात. एकोणिसाव्या शतकात गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकापासून चेंडू बनवायचे, ते गुळगुळीत असायचे. खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं की नवा कोरा चेंडू नीट उडत नाही, मार खाऊन खरवडलेला चेंडू जास्त चांगला जातो. मग लोक मुद्दाम हातोडीनं खुणा करून घ्यायला लागले. आजचे खळगे हे त्याचंच पुढचं रूप.

कारण असं, की खळग्यांमुळे चेंडूला लगटून जाणारा हवेचा थर थोडा खळबळतो आणि चेंडूला जास्त वेळ चिकटून राहतो. त्यामुळे मागे तयार होणारा कमी दाबाचा पट्टा अरुंद होतो आणि चेंडूला मागे ओढणारं बल घटतं. शिवाय लॉफ्टमुळे चेंडू उलटा फिरत जातो, ती फिरकी त्याला हवेत उचलून धरते. गुळगुळीत चेंडू याच्या साधारण निम्मं अंतर जाईल. मार खाल्लेला जास्त लांब जातो, यावरून व्हॉट्सॲपवर सुविचार बनवू नका, प्लीज. (हसतो)

जिथे ताकदीचा उपयोग नाही

सगळी गंमत लांब मारण्यात आहे असं मला वाटायचं. मग कोणीतरी गणित मांडून दाखवलं. नेहमीचा १८ होलचा कोर्स पार ७२ चा असतो. त्यात प्रत्येक ग्रीनवर दोन पट धरलेले असतात. म्हणजे ७२ पैकी ३६ फटके, अर्धे, हे जमिनीवरून हलकेच ढकलण्याचे. होलचा व्यास १०८ मिलिमीटर. घरातली वाटी डोळ्यांसमोर आणा.

मी हॉलमध्ये गालिच्यावर वाटी आडवी ठेवून सराव करतो. आई म्हणते, "त्या वाट्या आमटीच्या आहेत." बाबा सुरुवातीला नुसते बघायचे. मग एक दिवस पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "दे बघू." त्यांचा पहिलाच पट वाटीत गेला. त्यांनी पटर परत दिला आणि पुन्हा पेपर उघडला. त्यानंतर आजपर्यंत त्यांनी दुसरा मारलेला नाही. विक्रम अबाधित आहे.

मला धीर देणारा आणखी एक आकडा. अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक स्पर्धांमध्ये खेळणारे खेळाडू आठ फुटांवरून किती पट घालत असतील? साधारण निम्मे. जगातले सर्वोत्तम लोक, आयुष्य त्यात घातलेलं, आणि आठ फुटांवरून छापा की काटा. हे कळल्यापासून मी आठ फुटांवरून चुकलो की नुसतं 'अरे' म्हणतो. आधी जे म्हणायचो ते इथे सांगण्यासारखं नाही.

दहाचे आठ

आता जे सांगायचंय त्यासाठी खरं तर हा भाग करतोय.

पाचव्या महिन्यात कर्नलसाहेब मला पाहुणा म्हणून पहिल्यांदा कोर्सवर घेऊन गेले. नऊ होल. माझ्याबरोबर कॅडी म्हणून एक काका होते, वय पंचावन्नच्या आसपास. मूळचे साताऱ्याकडचे, तीस-बत्तीस वर्षं हेच काम. बॅग उचलायची, अंतर सांगायचं, चेंडू कुठे पडला त्यावर नजर ठेवायची. मी 'काका' म्हणत होतो आणि ते मला 'सर'. माझं वय त्यांच्या मुलाएवढं.

रेंज आणि कोर्स यात फरक काय, तर रेंजवर वाईट फटका विसरता येतो. लगेच दुसरा चेंडू आहेच. कोर्सवर चेंडू जिथे पडलाय तिथे चालत जावं लागतं आणि तिथूनच मारावं लागतं. झाडामागे तर झाडामागून.

चौथा होल, पार चार. पहिला फटका, क्लब हवेत. दुसरा टॉप. तिसरा उजवीकडे झाडीत. चौथा झाडीतून बाहेर. पाचवा बंकरमध्ये. सहावा बंकरमधून बंकरमध्येच. सातवा ग्रीनवर. मग तीन पट. कर्नलसाहेबांनी कार्ड काढलं आणि विचारलं, "किती?"

मी म्हणालो, "आठ."

मी खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं. हवेत गेलेला फटका मनानं आपोआप प्रॅक्टिस स्विंगमध्ये जमा केला. बंकरमधला एक, वाळू उडाली फक्त, तो जणू झालाच नाही. तोंडातून आठ आलं. कर्नलसाहेबांनी लिहून टाकलं.

काका चेंडू पुसत होते. काही बोलले नाहीत. पाचव्या होलकडे चालताना, कर्नलसाहेब जरा पुढे गेल्यावर, हळू आवाजात म्हणाले, "सर, मगाशी दहा झाले ना?"

माझे कान गरम झाले. मी म्हटलं, "तो पहिला लागलाच नव्हता हो काका."

"मारायला गेलात ना? मग मोजायचा." नियम खरंच असा आहे. चेंडू मारायच्या इराद्यानं क्लब फिरवला, की लागो न लागो, फटका झाला. मग ते म्हणाले, "तसं काही पण लिहा, आमचं काय जातंय. पण आज आठ लिहिले, आणि पुढल्या खेपेला खरे नऊ झाले, तर सुधारलात का बिघडलात, तुम्हाला कळणार कसं?"

मी याला उत्तर देऊ शकलो नाही. पुढे जाऊन कर्नलसाहेबांना म्हणालो, "काका, चौथ्याला दहा." त्यांनी मान वर न करता आठ खोडून दहा केले आणि म्हणाले, "ड्रायव्हर नको घेऊ आता, आयर्न घे." बस. एवढंच झालं. जग बुडालं नाही. नऊ होलचं पार ३६, माझे झाले ७१.

गोल्फमध्ये बहुतेक वेळा पंच नसतो. आपणच खेळाडू, आपणच अंपायर. म्हणून यातली एक जुनी गोष्ट अजून सांगतात. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्स यांनी पहिल्या फेरीत चेंडू मारायच्या आधी तो किंचित हलला म्हणून स्वतःवर एक दंडाचा फटका लावून घेतला. दुसऱ्या कुणी तो हलताना पाहिला नव्हता. शेवटी त्यांची बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये ते एका फटक्यानं हरले. तो दंड घेतला नसता तर प्लेऑफची वेळच आली नसती. ही गोष्ट मी आधी वाचली होती तेव्हा 'काय महान माणूस' म्हणून पुढे गेलो होतो. चौथ्या होलनंतर ती वेगळीच वाटली. कारण माझ्याकडे दंडाचा फटका नव्हता, सरळ मारलेले दोन फटके होते आणि तेही मी गिळले होते.

आता थोडं ऑफिसचं. त्या दिवसांत मी एका जुन्या सिस्टीमचा डेटा नव्या सिस्टीमवर नेत होतो. रोजच्या मीटिंगमध्ये मॅनेजर विचारायचे, किती झालं? मी तीन आठवडे सांगत होतो, 'नव्वद टक्के'. आपल्या धंद्यातल्या लोकांना हे नव्वद टक्के चांगलं माहीत आहे. म्हणजे अवघड सगळं अजून बाकी आहे.

त्या रविवारी रात्री बसून मी यादी काढली. २२ टेबलांपैकी १४ खरोखर पूर्ण होती. नव्वद नाही, चौसष्ट टक्के. त्यातही दोन ठिकाणी आकडे जुळत नव्हते, ते मी 'नंतर बघू'मध्ये टाकले होते. हवेतले फटके सगळे. सोमवारी मीटिंगमध्ये तो आकडा सांगितला. पाच सेकंद कुणीच बोललं नाही. मग मला बऱ्यापैकी ऐकून घ्यावं लागलं, आणि ते रास्त होतं. क्लायंटला नवी तारीख कळवावी लागली. एक सहकारी मदतीला मिळाली आणि तिनं ते न जुळणारे आकडे दोन दिवसांत शोधून काढले. रेटिंग काय आलं ते विचारू नका. पण तीन आठवड्यांत पहिल्यांदा मी रात्री नीट झोपलो.

गोल्फनं मला प्रामाणिक बनवलं वगैरे असं काही मी म्हणणार नाही. गोल्फ खेळताना फसवणारी माणसं ढिगानं आहेत. मला फक्त एका माणसानं योग्य वेळी विचारलं, की मग कळणार कसं?

सोमवारची मॅच

काकांबद्दल आणखी एक. बऱ्याच क्लबांमध्ये आठवड्यातून एक दिवस, बहुधा सोमवारी, कोर्स देखभालीसाठी बंद असतो आणि त्या दिवशी कॅडींना खेळू देतात. काकाही खेळतात. सदस्यांनी दिलेले जुने क्लब, एकाची जोडी दुसऱ्याला नाही. मी विचारलं, "काका, तुमचे किती होतात?" म्हणाले, "आता पाठ धरते. ऐंशीच्या आत येतं." १८ होलमध्ये ऐंशीच्या आत! आमच्या सगळ्या रेंजवर असे चार जण सापडणार नाहीत.

या खेळाची ही बाजू मला आधी माहीत नव्हती. फी, बूट, सदस्यत्व यांची दारं पार करून मी पाहुणा म्हणून आत आलो आणि बॅग त्यांच्या खांद्यावर. १९९१ आणि १९९३ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे अली शेर हेसुद्धा कॅडी म्हणूनच सुरुवात केलेले. त्यांना दार उघडलं. किती जणांना उघडलं नसेल? यावर माझ्याकडे काही उपाय नाही. मी आता काकांकडून पैसे देऊन रीतसर पटिंग शिकतो, एवढंच.

तुम्हाला सुरू करायचं असेल तर

सुरुवातीलाच सगळा सेट घेऊ नका. नियमानं बॅगेत १४ क्लब चालतात, पण पहिले तीन महिने सेव्हन आयर्न आणि पटर पुरतात. तेही रेंजवर भाड्यानं मिळतात. पहिल्या चार-पाच शनिवारांनंतरच शिकवणी लावा असं काही जण म्हणतात. मी उलट सांगेन, पहिल्याच दिवशी एक तास शिकवणाऱ्याबरोबर घ्या, नाहीतर माझ्यासारखा तीन महिन्यांचा बग पाळाल. हातमोजा डाव्या हाताचा लागतो, उजव्यानं खेळणाऱ्याला. चेंडू हरवला तर २०१९ पासून शोधायला तीनच मिनिटं मिळतात, आधी पाच मिळायची. नाही सापडला तर एक दंडाचा फटका आणि परत आधीच्या जागेवरून. म्हणून नवशिक्यानं जुने, स्वस्त चेंडू घ्यावेत. महागडा चेंडू झाडीत जायचं थांबत नाही.

आणि एक वही ठेवा.

मागच्या महिन्यात त्याच चौथ्या होलवर माझे सात झाले. पहिला फटका लागला, फार लांब नाही, पण सरळ. बंकर चुकवला. दोन पट. सात म्हणजे पारच्या तीन वर, कुणाला सांगण्यासारखा आकडाच नाही. पण वहीत वरच्या ओळीत दहा लिहिलेले होते आणि त्याखाली मी सात लिहिले. काका चेंडू पुसत म्हणाले, "तीन गेले की सर." मी घरी जाऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. वाटी जागेवर ठेव."

चला, आज एवढंच. तुमच्याकडे असा एखादा 'नव्वद टक्के' किस्सा असेल तर जरूर कळवा, पुढच्या भागात नाव न घेता सांगेन. तोपर्यंत, भेटू!